आमची वाटचाल : येसर, पाऊच आणि आत्याबाईंची पळी

२०१८ साली परभणीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कांडप मशीन बसवलं. काळा मसाला, मेतकूट आणि येसर म्हणजे आमटीचं पीठ, एवढाच माल. कृती सासूबाईंची, मी त्यांना आत्याबाई म्हणते. आपल्याकडे मराठवाड्यात पंगतीला येसरची आमटी असतेच, त्यामुळे परभणी-जिंतूरकडे विकायला कधी अडचण आली नाही. गिऱ्हाईक चिमूटभर तळहातावर घेतं, वास घेतं आणि "पाव किलो बांधा" म्हणतं. तिथं पाकीट वाचतो कोण?

माल पुण्याला पाठवायचं ठरलं आणि आम्हाला 'ब्रँड'चं वेड लागलं. नाव इंग्रजी ठेवलं, ते आता सांगायलाही लाज वाटते. नऊवारीतल्या बाईचं चित्र, खाली 'शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक'. पाकीट उलटसुलट करून आत्याबाई म्हणाल्या, "समदं लिव्हलंय गं, पण येसर कुठंय?" तो शब्द मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होता.

ऐकलं असतं तर पैसे वाचले असते. अशा छापील पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, करावा लागतो, चार रंग म्हणजे चार सिलिंडर. शिवाय अशा छपाईत थोडे पाऊच सहसा कुणी छापून देत नाही. आम्ही ढीगभर छापून घेतले.

पुण्यातल्या पहिल्याच प्रदर्शनात एका ताईंनी पाकीट उचललं, वाचलं आणि विचारलं, "हे दुधात घालायचं का?" त्यांचं काय चुकलं? ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल भाजून केलेली ही पूड आहे आणि तिची आमटी होते, असं आम्ही कुठं सांगितलं होतं? शुद्ध तर शेजारच्या स्टॉलवरचं लोणचंही होतं. संध्याकाळी मी वहीच्या कागदावर लिहून टेबलाला चिकटवलं : 'येसर थंड पाण्यात कालवा, लसणाच्या फोडणीत ओता, उकळी आणा. भाकरीबरोबर आमटी तयार.' दुसऱ्या दिवशी लोक आधी तो कागद वाचायचे, मग पाकीट उचलायचे.

उरलेले पाऊच अजून शेडमध्ये आहेत, आत्याबाई त्यात वाती ठेवतात. आता साधा पाऊच आणि त्यावर स्टिकर. मजकूर बदलला तर स्टिकरच बदलायचं. समोर मोठ्या अक्षरात 'येसर', खाली 'आमटीचं पीठ', मागे कृती. वजन, किंमत, तारीख, अन्न सुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांक हे कायद्याने लागतंच. त्यासाठी जागा आधी राखायची आणि उरलेल्या जागेत आपलं कौतुक. बहुतेक वेळा कौतुकाला जागा उरत नाही, ते बरंच आहे.

मध्ये 'येसर' हाच शब्द ट्रेडमार्क करून टाकावा, अशी हाव सुटली होती. सल्लागार म्हणाले, मालाचं रूढ नाव एकट्याला मिळत नाही, १९९९ च्या कायद्यातलं कलम ९ आडवं येतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. बीड-लातूरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या पदार्थावर माझा शिक्का कसा मारायचा? घराच्या नावासाठी मसाल्यांच्या ३० व्या वर्गात अर्ज केला.

व्हॉट्सॲपवर पूर्वी रोज फुलांची शुभसकाळ पाठवायचो. आता कांडपाच्या आदल्या दिवशी एवढंच : 'उद्या येसर भाजतोय, कुणाला हवं ते कळवा.' निम्मा माल भाजण्याआधीच जातो.

गेल्या महिन्यात कोथरूडहून फोन आला, "आमटी पातळच होते हो." स्टिकरवर 'दोन चमचे' छापलं होतं. आत्याबाईंचा चमचा म्हणजे पळी! त्यांनी आपली पळी भरून काट्यावर ठेवली, मी आकडा लिहून घेतला. नव्या स्टिकरवर ग्रॅम येणार आहेत. पळीचं चित्रही टाक, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यावर अजून एकमत झालेलं नाही.