डायल तीनवर येऊन थांबला

मागच्या नोंदीनंतर कपाटातले रेझर कमी झालेत आणि मतं वाढलीत. हे सगळे एक सुटं पातं लावायचे सेफ्टी रेझर. वापरात आता तीनच उरलेत: डायलचा जिलेट स्लिम, बिनडायलचा मर्कुर ३४सी आणि पात्याखालच्या प्लेटा बदलण्याचा रॉकवेल ६एस. विषय तोच जुना, ज्यावरून आपल्यात अधूनमधून खडाजंगी होते. डायल फिरवून गॅप, म्हणजे पात्याची धार आणि तिच्याखालची पट्टी (गार्ड) यांच्यातली फट, कमी-जास्त करायचा ॲडजस्टेबल बरा की ठरलेल्या गॅपचा फिक्स्ड?

माझं उत्तर आता बरंचसं पक्कं झालंय. रोजच्या दाढीला फिक्स्ड. दोन-तीन दिवस वाढू दिलेल्या खुंटांना ॲडजस्टेबल. डायल ही मला आपल्या चेहऱ्याचं माप काढण्याची सोय वाटते. माप कळलं की तो रोज फिरवायची गरज उरत नाही. हे सगळ्यांना पटणार नाही, ठाऊक आहे. म्हणून कसं ठरलं तेही लिहितो.

तुलनेपुरतं एक पथ्य पाळलं. पातं एकच, हिरव्या पाकिटातलं ॲस्ट्रा. साबण तोच, ब्रश तोच. पातं बदललं की गॅपबद्दल काही बोलण्यात अर्थ राहत नाही. फेदरचं जहाल पातं लावून डायलच्या दोनवर केलेली दाढी आणि मवाळ पात्याने चारवर केलेली दाढी, यांत माझा गाल तरी फारसा फरक करत नाही. पुष्कळ जणांच्या ‘हा रेझर फार जहाल आहे’ या तक्रारीमागे खरं तर पातं असतं.

स्लिमबद्दल

माझ्या स्लिमच्या हेडखाली ‘जे ३’ असा ठसा आहे. जिलेटच्या त्या काळच्या पद्धतीत अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा, म्हणजे हा १९६४ च्या तिसऱ्या तिमाहीतला. त्याआधीचा जिलेटचाच जाड मानेचा ॲडजस्टेबल, फॅटबॉय, १९५८ च्या सुमाराचा. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, जिलेट सुपर स्पीड नावाचे रेझर दांड्याच्या वेगवेगळ्या टोकांचे विकत असे. निळ्या टोकाचा विरळ दाढीला, लाल टोकाचा राठ दाढीला आणि साधा मधल्यांना. म्हणजे आज आपण जो वाद घालतो तो तेव्हा दुकानाच्या काउंटरवरच मिटत होता: तुझी दाढी कशी आहे ते सांग, त्याप्रमाणे रेझर घे. पुढे डायल आला आणि हे सगळे रेझर एका दांड्यात बसले. मला हा क्रम फार आवडतो, कारण मी नेमका उलटा चाललोय. डायलपासून सुरुवात केली आणि एका टोकावर येऊन थांबतोय.

स्लिमवर १ ते ९ आकडे आहेत. आत काय होतं ते बघायचं असेल तर पातं लावून रेझर डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरा, मागे दिवा ठेवा आणि डायल सावकाश फिरवा. (फिरवण्याआधी खालचा नॉब अर्धा आटा सैल करायचा, म्हणजे पात्यावर मिटणाऱ्या वरच्या दोन दारांचा दाब कमी होतो आणि यंत्रणा झिजत नाही. जुन्या रेझरांची वाट बहुधा इथेच लागते.) पातं जागचं हलत नाही. त्याच्याखालची गार्डची पट्टी खाली सरकते आणि पात्याच्या धारेखालची उजेडाची चीर रुंदावते. ही चीर म्हणजे गॅप. आपण दिवसरात्र जिच्याबद्दल बोलतो ती हीच.

पण तेवढंच होत नाही, आणि सगळा घोळ इथे आहे. टोपीची (पात्यावरच्या झाकणाची; स्लिममध्ये ती दोन दारंच) कड आणि गार्डची कड यांना जोडणारी एक रेघ मनात काढा. दाढी करताना त्वचा साधारण त्या रेघेवर टेकलेली असते. गार्ड खाली गेलं की रेघ जास्त उभी होते. त्यामुळे धार रेघेच्या बाहेर थोडी अधिक डोकावते, म्हणजे एक्स्पोजर वाढतं. शिवाय टोपी आणि गार्ड दोन्ही त्वचेला टेकलेली ठेवायची तर दांडा गालाच्या थोडा जवळ आणावा लागतो, आणि पातं त्वचेला जास्त उभं लागतं. एक डायल फिरवला की गॅप, एक्स्पोजर आणि कोन अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. डायलवर आकडा मात्र एकच दिसतो.

म्हणूनच ‘मी पाचवर करतो, तू किती?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. स्लिमचा पाच आणि मर्कुर फ्युचर या दुसऱ्या ॲडजस्टेबलचा पाच यांची गाठ पडण्याचं कारण नाही. फ्युचरवर मुळात सहापर्यंतच आकडे आहेत आणि त्याचा खालचा आकडाही बऱ्याच जणांना पुरेसा धारदार लागतो. मिलिमीटरची तुलना त्यातल्या त्यात बरी, पण तीही अपुरी. गॅप सारखी आणि एक्स्पोजर वेगळं असले दोन रेझर हातात आले की हे लगेच कळतं. एक नुसता सरकतो, दुसऱ्याचं पातं पहिल्याच हाताला, म्हणजे चेहऱ्यावरच्या पहिल्या फेरीला, जाणवतं.

आता आकड्यांचा अनुभव. एकवर माझ्या हनुवटीचे खुंट तसेच राहतात. मग नकळत हात दाबला जातो, आणि दाबाने जेवढी चुरचुर होते तेवढी मोठ्या गॅपने होत नाही. मवाळ म्हणजे सुरक्षित, हे समीकरण राठ दाढीला लागू पडत नाही. तीनवर गाल, कल्ले, मिशीची जागा बिनबोभाट निघते. पाचवर खरखर स्पष्ट ऐकू येते, आणि मला तो आवाज आवडतो. कुठे काम झालं, कुठे बाकी आहे ते कानाला कळतं. पण जबड्याखाली, कंठमण्याच्या डाव्या बाजूला जिथे माझे केस आडवे उगवतात, तिथे पाचवर रक्ताचे बारीक टिपके उठतात आणि तुरटी लावली की तोंड वाकडं होतं. सातच्या पुढे मी फक्त गालापुरता जातो, तेही वाढलेल्या दाढीला. नऊ हा आकडा कोणासाठी ठेवलाय ते त्या गृहस्थालाच विचारलं पाहिजे.

वाढलेल्या दाढीला मात्र डायलचं काम वाखाणण्यासारखं. पहिला हात केसांच्या दिशेने, डायल पाच किंवा सहावर: लांब खुंट अडकत नाहीत, साबण आणि केस गॅपमधून सहज वाहून जातात. दुसरा हात आडवा, तीनवर. गळ्याला तिसरा हात द्यायचाच असेल तर दोनवर. आकडा खाली आणला की दांडा किंचित उचलायचा, एवढं लक्षात ठेवावं लागतं. नाहीतर वरचाच कोन धरून आपण दोनवर दाढी करत राहतो आणि म्हणतो की रेझर कापत नाही. मघाच्या त्या रेघेचा व्यवहारातला अर्थ हाच.

३४सी आणि बिनडोक सकाळ

३४सीला फिरवायला काहीच नाही. दोन तुकडे, आखूड जाड दांडा, हातात जाणवणारं वजन, ०.७ मिलिमीटरच्या आगेमागे गॅप. पातं टोपी आणि प्लेटीच्या मध्ये धारेच्या जवळपर्यंत घट्ट दाबलेलं असतं. हा मुद्दा गॅपच्या चर्चेत मागे पडतो, पण माझ्या मते रोजच्या दाढीत गॅपइतकंच महत्त्व या पकडीला आहे. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. धारेकडचा भाग मोकळा राहिला तर राठ केसाला लागताना ते थरथरतं, आणि ती थरथर त्वचेला ओरखड्यासारखी लागते. दारांचे ॲडजस्टेबल पात्याला धरतात ठीक, पण हलत्या सुट्या भागांच्या रचनेला मर्यादा येतातच. स्क्रूने आवळलेल्या टोपीसारखी पकड मला अजून त्यांच्यात मिळालेली नाही.

दुसरं कारण हाताचं. कोन कधीच बदलत नाही म्हटल्यावर मनगट तो शिकून घेतं. अर्धवट झोपेत, डोक्यात दिवसभराची कामं घोळत असताना, ३४सीने दाढी होते आणि कुठे कापत नाही. स्लिमने तीच दाढी करताना मी आधी डायल कुठे आहे ते बघतो. कालचा सहा आज राहून गेला तर गळ्याची परीक्षा होते.

यावर नेहमीचा प्रतिवाद: मग डायल एकाच आकड्यावर ठेव ना! ठेवता येतो. पण मग ती झिजणारी यंत्रणा, आत साचणारा साबण, दारांची काळजी, हे सगळं ज्या सोयीसाठी सांभाळायचं ती सोयच आपण वापरत नाही.

प्लेटांचा मधला मार्ग

रॉकवेल ६एसला तीन प्लेटा, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे सहा गॅप. सर्वांत मवाळ ०.२० मिलिमीटर, सर्वांत मोठी ०.७९. हा ॲडजस्टेबल म्हणून विकला जात असला तरी मी त्याला फिक्स्डच धरतो. साबणाच्या हाताने, अर्ध्या दाढीत, पातं सुटं करून प्लेट उलटी करणं हा धंदा कोण करणार? एक प्लेट लावली की ती दाढी त्याच प्लेटेने संपते. आणि पकड थेट फिक्स्डसारखी, सगळं स्टेनलेस स्टील, हलणारा भाग एकही नाही.

माप काढायला मात्र याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. डायलवर आपण दोन आकड्यांच्या मध्ये घुटमळत राहतो. इथे पायऱ्या ठरलेल्या आहेत. एका पायरीवर चार-सहा दाढ्या करायच्या, मग पुढची. माझा गळा तिसऱ्या पायरीवर खूश आहे, गाल आणि हनुवटी चौथीवर. चौथीवर गळ्याला केसांच्या दिशेने आणि आडवा असे दोनच हात दिले तर तोही कुरकुर करत नाही. केसांच्या उलट दिशेचा हात गळ्याला मी आता देतच नाही. गॅपबद्दल एवढं वाचून-लिहून झाल्यावर सर्वांत जास्त फरक पडला तो या एका सवयीने, हे जरा अपमानास्पद आहे.

कपाटातून जो ॲडजस्टेबल बाहेर गेला त्याचं नाव घेत नाही, कारण माझ्याकडचा नगच तेवढा वाकडा असू शकतो. त्याची टोपी कितीही काळजीने बसवली तरी एका बाजूची चीर दुसरीपेक्षा रुंद दिसायची. एका बाजूने तीन, दुसऱ्या बाजूने चार. घेणाऱ्या मित्राला हे सांगून दिलाय. तो म्हणाला, एक बाजू गालाला आणि एक गळ्याला वापरेन. कुठलाही ॲडजस्टेबल नवीन घेतलात तर पहिलं काम हेच: दिव्यासमोर धरून दोन्ही बाजूंची चीर बघा.

साफसफाईचं थोडक्यात. तीन तुकड्यांचा फिक्स्ड उघडून धुतला की संपलं. स्लिमसारख्याला अधूनमधून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवायचा, जुन्या टूथब्रशने दारांच्या बिजागऱ्या घासायच्या, वाळल्यावर मिनरल ऑइलचा थेंब. उकळतं पाणी नको, व्हिनेगरमध्ये तासन्‌तास ठेवणं नको. निकेलचा मुलामा गेला की परत येत नाही. जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोम चढवलेल्या रेझरचं तर त्याहून नाजूक: क्रोम एकदा फुटलं की आतला धातू खड्डे पडून कुजतो.

आता पुढे. ३४सी रोजचा, स्लिम सुट्टीनंतरच्या दाढीचा, ६एस नवीन पाती जोखायला चौथ्या पायरीवर कायमचा लावून ठेवलेला. यानंतर मर्कुर ३७सी घ्यायचा विचार आहे. तो स्लँट, म्हणजे पात्याला पीळ देऊन तिरकं धरणारा. तोही फिक्स्डच, पण पीळ दिल्याने पातं जास्त ताठ राहतं म्हणतात, आणि पकडीबद्दलचं माझं वरचं म्हणणं तपासायला तोच योग्य.

कोणाकडे रेक्स ॲम्बॅसडर असेल तर एक विनंती. फॅटबॉयच्या वळणाचा आणि स्टेनलेस स्टीलचा तो रेझर पात्याला धारेच्या किती जवळ धरतो ते मला बघायचंय. पातं लावून, सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या आकड्यावर, बाजूने उजेडात काढलेले दोन फोटो टाका. पातं कोणतं लावलंय तेही लिहा.