तुम्ही विचारलंत म्हणून: कॉफी घरी कशाला भाजता?

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी चक्कर मारणारी आमची चौकडी आहे. त्यातला एक जण दर आठ-पंधरा दिवसांनी तेच विचारतो, "काऊन जी, बाजारात कॉफीचं पाकीट भेटत नाही काय तुम्हाला?" भाच्याच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर पहिल्यांदा थेट दारच वाजवलं होतं. "भाऊजी, तुमच्याकडे गॅसवर काही राहून गेलं का? जळल्याचा वास येऊन राहिला." प्रश्न सगळ्यांचा एकच: हा माणूस घरी कॉफी कशाला भाजतो?

माझ्याकडे तीन तयार उत्तरं आहेत. स्वस्त पडते, ताजी मिळते, आणि निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग लागतो. तिन्ही खरी आहेत, पण त्यांनी कोणाचं समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून जरा बैजवार सांगतो.

आमचं घर चहाचं. कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, आणि तीसुद्धा कोणी आजारी पडलं किंवा परीक्षेसाठी जागरण असलं तरच. वेगळी कॉफी असते हे अजनीच्या रेल्वे कॉलनीत कळलं. मित्राचं कुटुंब तमिळ. त्यांच्या ओट्यावर पितळेचं दुमजली फिल्टर असायचं, आणि त्यातून रात्रभर थेंब थेंब डिकॉक्शन उतरायचं. पुढे नोकरी लागल्यावर मी तसंच फिल्टर घेतलं, बाजारातून पूड आणली, पण तो वास काही येईना. बऱ्याच वर्षांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, तर कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. रंग देते, दाटपणा देते, कडूही असते. वाईट नाही, पुष्कळांना तीच आवडते. पण मी इतकी वर्षं निम्मं मूळच पीत होतो की काय, हे मनाला लागलं.

मग कच्च्या बिया मागवायच्या ठरवल्या. चिकमगळूर आणि कोडगूचे मळेवाले हल्ली कुरिअरनं पाठवतात. यादी उघडली आणि डोकं फिरलं. प्लँटेशन ए, प्लँटेशन पीबी, अरेबिका चेरी, रोबस्टा पार्चमेंट, मॉन्सून्ड मलबार. मला वाटलं चेरी म्हणजे फळासकट येईल, म्हणून उत्साहानं दोन किलो मागवली. आल्या बियाच, पिवळसर. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, आणि चेरी, प्लँटेशन, पार्चमेंट ही नावं भारतातल्या कॉफीच्या व्यापारात प्रक्रियेवरून पडली आहेत हे नंतर कळलं. फळ तसंच उन्हात वाळवून मग सोललं तर ती चेरी. गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका म्हणजे प्लँटेशन, आणि तशीच धुतलेली रोबस्टा म्हणजे पार्चमेंट. मॉन्सून्डची गंमत आणखी निराळी. मंगळूरकडे पावसाळ्यात गोदामांच्या भिंती उघड्या ठेवून बिया दमट वाऱ्यावर पसरतात. त्या फुगतात, रंग उडतो, आंबटपणा जातो. पूर्वी शिडाच्या जहाजातून युरोपात जाताना महिनोन्महिने समुद्राची हवा खाऊन त्यांचं जे व्हायचं, ते आता किनाऱ्यावरच मुद्दाम करतात.

माझी शिफारस विचाराल तर पीबी, म्हणजे पीबेरी. एरवी एका फळात दोन चपट्या बिया असतात. क्वचित एकच वाढते, ती गोल होते. कढईत ती वाटाण्यासारखी गडगडते, त्यामुळे सगळीकडून सारखी भाजली जाते. चपटी बी आपली एका कुशीवर पडून राहते आणि तेवढीच काळी होते.

हे शहाणपण आज आहे. पहिल्या दिवशी नव्हतं. वहीत तापमानं उतरवून घेतली होती: २०० अंशांच्या आसपास बियांची पहिली तडतड, २२५ च्या आसपास दुसरी. आता लोखंडी कढईत थर्मामीटर कुठे खुपसणार? मोठी आच केली, सराटा फिरवत राहिलो, आणि सहा मिनिटांत बिया काळ्या झाल्या. एक दाताखाली फोडली तर आतून फिकट, चव ओल्या गवताची. घरभर धूर. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"वरून जळलं अन् आत कच्चं राहिलं ना?"

तिनं बिया पाहिल्या नव्हत्या, चाखल्या तर नव्हत्याच. नुसता वास.

"आच मोठी ठेवली तू. सातूचे गहू असे भाजते का कोणी?"

दुसऱ्या दिवशी ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसली. आच मंद-मध्यम, हात थांबवायचा नाही, एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर नाही. आधी चाऱ्यासारखा वास. चार-पाच मिनिटांनी बिया पिवळ्या पडल्या आणि पोहे भाजल्यासारखा वास आला. मग पाव शेकल्यासारखा. दहाव्या मिनिटाच्या सुमारास कढईत पहिली तड वाजली आणि मागोमाग ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तशी तडतड सुरू झाली. कच्च्या बीत साधारण दहा-बारा टक्के पाणी असतं, त्याची वाफ कोंडते आणि बी फुगून उकलते, त्याचा तो आवाज. तिथून पुढे सगळं फार भराभर होतं. एवढा वेळ तुम्ही वाट बघत असता, आणि मग एक मिनिट इकडचं तिकडे झालं की गेलं. आईनं तडतड संपता संपता हात वर केला. "बस. उतरव."

ती माझी पहिली पिण्याजोगी कॉफी.

कॉफीवाल्यांची पुस्तकी भाषा लाइट, मीडियम, डार्क अशी आहे. मला ती कधी नीट कळली नाही. आईकडे चार शब्द आहेत: कच्चट, खमंग, खरपूस, करपट. भाजणी असो, खोबरं असो की रव्याचे लाडू, आयुष्यभर तिनं याच चार खुंट्यांवर सगळं टांगलंय. पहिली तडतड संपली की खमंग. थोडं थांबून दुसरी सुरू व्हायच्या बेतात उतरवली की खरपूस. दुसरी तडतड नाजूक असते, फोडणीत मोहरी तडकते तशी. ती जोरात आली आणि बियांवर तेल चमकलं की करपटाची हद्द सुरू.

उतरवल्यावर लगेच थंड करायची, नाहीतर स्वतःच्या उष्णतेनंच पुढे भाजत राहते. यात मी एक पराक्रम केला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, हॉलमध्ये कूलर. मी गरम बिया चाळणीत घेऊन सरळ कूलरसमोर उभा राहिलो. कॉफी भाजली की तिचं पातळ फोलपट सुटतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. ते सगळं हॉलभर उडालं. सोफ्यावर, टीव्हीवर, देव्हाऱ्यात. बायको दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय कूलरची हवा ओली, भाजलेला दाणा ती लगेच धरतो. आता पहाटे साडेपाचला गच्चीवर लहान शेगडी आणि साधा पंखा. उन्हाळ्यात त्यानंतर गच्चीवर मीच भाजला जाईन.

बाकी थोडक्यात. दोनशे ग्रॅमचे एकशे सत्तर होतात, तेव्हा हिशेब करताना ते धरा. तरी मला भाजलेल्या बियांच्या निम्म्यात पडते. लगेच दळू नका. आतला वायू निघायला तीन-चार दिवस लागतात, त्याआधी नुसता फेस येतो आणि चव पातळ लागते. कच्च्या बिया कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतात, भाजलेल्यांचा वास तीन-चार आठवड्यांत उतरायला लागतो. ताजी ताजी म्हणतात ती एवढ्याचसाठी.

एकदा मात्र याच्याही मागे गेलो. चिखलदऱ्याला कॉफी होते हे पुष्कळ नागपूरकरांना माहीत नसतं. आपण तिथे धुकं बघायला जातो, भीमानं कीचकाला दरीत फेकलं ती गोष्ट मुलांना सांगतो, गाविलगड बघतो आणि परत येतो. पण साधारण अकराशे मीटर उंचीवर, मेळघाटातल्या त्या गावात इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. परतवाड्याचा माझा मेहुणा एका डिसेंबरात तिथून तीन किलो लालबुंद फळं घेऊन आला. "घे जिजाजी, कर काय करतो ते."

फळं पाण्यात टाकली, तरंगली ती पोकळ म्हणून फेकली. उरलेली एकेक बोटांनी दाबायची, बी सुटकन बाहेर येते, साबणासारखी बुळबुळीत. तो बुळबुळीतपणा जाण्यासाठी ती भिजवून आंबवावी लागते. मळ्यांवर एका दिवसात होतं म्हणे. नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीत माझी बादली दुसऱ्या रात्रीही तशीच. मूठभर बिया तळहातांत चोळल्या की खरखर वाजली पाहिजे, तेव्हा झालं समजायचं. मी दुसरी रात्र झोपून काढली आणि सकाळपर्यंत जरा जास्तच झालं. मग धुऊन गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातल्या. दिवसातून चारदा हात फिरवायचा, रात्री दव पडतं म्हणून झाकायच्या. नऊ दिवस. वाळल्यावर बीवर एक कडक कवच राहतं, ते खलबत्त्यात हलक्या हातानं फोडलं.

आणि मग पाखडायला सूप घेऊन आई बसली.

इथे सांगायला हवं की आईला आता फारसं दिसत नाही. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचे पडदे गेलेले. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून तिला गॅसपाशी जायला मनाई केली. बरोबरच होतं ते, एकदा पदर पेटता पेटता वाचला होता. पण त्यानंतर ती दिवसभर पलंगावर बसून राहायची, स्वयंपाकात काय चाललंय हे विचारायचीसुद्धा नाही. सूप हातात आलं तसं तिनं न बघता पाखडायला घेतलं. कवचं पुढे उडत होती, बिया मागे सरकत होत्या. सुपावर बियांचा आवाज स्वच्छ झाला की थांबायची. तीन किलो फळांचे निघाले अर्ध्या किलोच्या जरा वर.

चव? खोटं कशाला बोलू, साधारणच होती. त्या जास्तीच्या रात्रीमुळे डोशाच्या पिठासारखी आंबूस झाक आली होती. मेहुण्याला मी अप्रतिम म्हणून सांगितलं.

तर कशाला भाजता, याचं उत्तर बहुतेक त्या खुर्चीत बसलेलं आहे. आठवड्यातून एकदा आई म्हणते, "उद्या भाजायची ना? मला उठव." पहाटे तिला हात धरून गच्चीवर नेतो, शालीत गुंडाळून बसवतो. फोडणी कच्ची राहिली, दूध उतू जाऊन राहिलं, हे ती आता आतल्या खोलीतून पुन्हा ओरडून सांगते. सुनेला याचा त्रास होतो, तो वेगळा विषय.

आमचं एकच भांडण आहे. तिला खमंग पाहिजे, मला खरपूस. गेल्या रविवारी पीबेरी होती. तडतड मंदावली, तिनं हात वर केला. मी मुद्दाम आवाज न करता सराटा फिरवत राहिलो, म्हटलं वीस सेकंद, तिला काय कळणार.

"उतरवली नाही तू," ती म्हणाली. "बापासारखाच आहेस. त्यांना पण सगळं करपटच लागे."

मी कढई उतरवली. तिनं शाल सारखी केली आणि विचारलं, "खाली गेल्यावर माझा चहा कोण टाकते?"