हो, नंतरच आवडली

प्रश्न नेहमी हसत हसत येतो. "बाहेरच्या लोकांनी डोक्यावर घेतली म्हणूनच आवडते ना तुम्हाला ती रेकॉर्ड?" ती म्हणजे हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांची १९८२ची एलपी, सिंथेसायझरवर दहा राग, डिस्कोच्या ठेक्यात. माझं ठरलेलं उत्तर असतं: १९९४ साली चोरबाजारातून वीस रुपयांना घेतली, ती पुन्हा निघाली २०१०मध्ये. करा हिशेब.

हिशेब बरोबर आहे, उत्तर खोटं आहे.

घेतली होती ती हसायला. मित्र जमले की मेघमल्हार लावायचा आणि नाचायचं. अशाच एका संध्याकाळी बाबा न कळवता आले. बाबा गाणं शिकवायचे. पहिलाच तुकडा, भैरव, चालू होता. खाली बेसची तीच तीच वेटोळी, वर यंत्रातून निघणारा कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला 'रे'. बाबा दारातच थांबले, चपलाही न काढता. मी धावत जाऊन सुई उचलली, इतक्या घाईत की तबकडीवर चर्रकन ओरखडा उठला. "गंमत आहे हो बाबा, फालतू आहे." ते म्हणाले, "मग बंद का केलीस?" आणि पाय धुवायला आत गेले. मित्र गप्प. मी रेकॉर्ड कव्हरात घातली ती माळ्यावरच गेली.

तो टोमणा होता असं मी कित्येक वर्षं धरून चाललो. खरंच विचारत असतील, हे डोक्यात आलं तोवर बाबा नव्हते.

२०१०च्या गाजावाजानंतर ती माळ्यावरून काढली. तिच्यातला बेस टीबी-३०३ नावाच्या यंत्राचा, हे यंत्र गिटारवाल्यांना साथ करायला बनवलेलं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोच्या पोरांनी पुढे १९८७मध्ये त्याच्या खुंट्या पिळून त्याला किंचाळायला लावलं, त्यातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत निघालं. आपल्या चरणजितना त्याच्या आधी पाच वर्षं त्यात मींडेची वाट दिसली, गाजावाजा झाला तो यावरूनच. (मींड म्हणणं जरा जास्तच होतंय. भैरवाचा रिषभ डुलायला हवा, इथे तो खांबासारखा उभा.)

तेव्हाचा मी म्हणायचा, पाच मिनिटांत कसला राग? ना आलाप, ना विलंबित. अरे, बाबांच्या कपाटात ७८च्या तबकड्या होत्या, तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग मावायचा, ते तुला चालायचं! यावर तो म्हणतो, तिथे गळा होता. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर हो, बाहेरच्यांनी सांगितल्यावरच मी नीट ऐकली. 'म्हणूनच' मात्र मान्य नाही. म्हणजे, रोज नाही.

माझ्या प्रतीत भैरव त्या ओरखड्यापाशी उडी मारतो. मध्ये काय गेलं ते कळावं म्हणून नवी प्रतही घेतली. तो तुकडा सलग ऐकला. तिथे खास काही नाही.