आठवडाभर जुन्या प्रतीवर

मे महिन्यात वळवानं शिरोली एमआयडीसीतली वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाउंड्रीच्या मालकांचा फोन. "अरे, पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतंय, ड्रॉइंगचा मेल जाईना. बेळगावच्याचा मात्र आत्ताच आला. काय भानगड हाय, बघ जरा."

मेलचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, ठणठणीत. त्याचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर मात्र आमचे स्वतःचे, मीच बाइंड हे नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर घालून उभे केलेले. मुख्य मशीन शिरोलीत, दुय्यम शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या ऑफिसात, वेगळ्या लाइनवर. एकीकडची वीज गेली तर दुसऱ्यानं उत्तर द्यावं, एवढ्यासाठीच तर दोन ठेवलेले. टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर जपून ठेवायची मुदत, ८६४०० सेकंद, एक दिवस. बेळगावकडे आदल्या दिवशीचं उत्तर कॅशमध्ये होतं, त्यांचं भागलं. पुण्याला नव्यानं विचारावं लागलं.

उद्यमनगरात गेलो. मशीन चालू, सर्व्हिस चालू. डिग या नेमसर्व्हरला प्रश्न विचारायच्या कमांडनं विचारलं तर सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. लॉग उघडला: झोन, म्हणजे आमच्या नावांची आणि पत्त्यांची यादी, एक्स्पायर, दोन दिवसांपूर्वीच.

दुय्यम सर्व्हर ठरावीक वेळानं मुख्याला झोनचा सीरियल नंबर, म्हणजे दर बदलाला वाढवायचा आकडा, विचारतो. तोच असला तर काम संपलं. वाढलेला दिसला की अख्खा झोन उतरवून घेतो. उतरवता आला नाही, तर जुन्या प्रतीवर उत्तरं देत राहतो, पण एक्स्पायरची मुदत आहे तोवरच. आमची ६०४८०० सेकंद, बरोबर आठवडा. नऊ दिवसांपूर्वी मी एक नवीन नाव घालून सीरियल वाढवला होता! मुख्य मशीन चालू होतं तोवर सगळे त्याच्याकडून उत्तर घेत राहिले, म्हणून दुय्यम गप्प झाल्याचं कुणाला कळलं नाही.

पण झोन उतरला का नाही? मालकांनी मुख्य मशीन जनरेटरवर घेतलं, मेल वाहू लागले, आणि मी उद्यमनगरातूनच शिरोलीला सीरियल विचारला. नवा नंबर लगेच आला. तोच प्रश्न टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी करून बोलायच्या पद्धतीनं, विचारला, तर टाइमआउट.

तिथं उलगडलं. सीरियलची चौकशी जोडणीशिवायच्या यूडीपीवर होते, झोन उतरतो टीसीपीवर. पोर्ट दोन्हीकडे ५३च. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची ही व्यवस्था, यूडीपीवरच चालते हे डोक्यात इतकं पक्कं, की शिरोलीच्या राउटरवर मी फक्त यूडीपी उघडलं होतं. पहिली प्रत सुरळीत उतरली, कारण तेव्हा दोन्ही मशीन एकाच टेबलावर होती, मध्ये राउटर नव्हताच. ही चूक माझी, आणि ती मला फार लागली. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग अडलं की इकडे पॅटर्न अडतो, पुढं भट्टी अडते.

टीसीपी ५३ उघडला, पण फक्त उद्यमनगरच्या पत्त्यापुरता नाही. उत्तर मोठं झालं की बाकीचेही टीसीपीवरच येतात. झोन उतरवण्याची परवानगी तेवढी त्या एका पत्त्याला ठेवली. रिट्रान्सफरचा हुकूम दिला, झोन उतरला.

संध्याकाळी वीज आल्यावर मालकांना म्हटलं, "आता पाच मिनिटं मुख्य मशीन बंद करू द्या."

"आत्ताच तर चालू झालंय की रं!"

"म्हणूनच."

त्यांनी स्वतः बटण दाबलं. मी उद्यमनगरच्या सर्व्हरला फोनवरून विचारलं. नऊ दिवसांपूर्वी घातलेलं नाव पत्त्यासकट आलं.