नुसते रिसेप्टर मोजून भागत नाही

लेहसारख्या उंचीवर काही आठवडे राहिलेल्या माणसाच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनालिन (हृदयाला वेग वाढवायला सांगणारं संप्रेरक) चढलेलं असतं. तरीही जीव तोडून पळाल्यावर त्याची नाडी मैदानातल्या कमाल आकड्याला पोचत नाही. हाक मोठी, ओ मात्र बारीक.

‘हृदयपेशींवर ही हाक ऐकणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, कमी झाले असणार,’ हे उत्तर अर्धंच आहे. आठवडेच्या आठवडे कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदरांच्या हृदयात बीटा रिसेप्टर (या हाकेचे हृदयातले मुख्य रिसेप्टर) घटतात, हे खरं. पण नवजात उंदरांच्या हृदयपेशी डिशमध्ये वाढवून दीर्घकाळ कमी ऑक्सिजनखाली ठेवल्या, तेव्हा त्यांतल्या बीटा-१ प्रकारच्या रिसेप्टरची संख्या उलट वाढली आणि त्यांनी पेशीच्या आत पाठवलेला संकेत मात्र वाढला नाही. हे काम १९९६ चं आहे. इंदुरात जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हा विरोधाभास मनात पक्का धरावा, असं मला फार वाटतं.

म्हणून असा प्रयोग करताना रिसेप्टरची संख्या आणि संकेत दोन्ही मोजावेत. संख्येसाठी ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं सीजीपी-१२१७७ हे बीटा रिसेप्टरला चिकटणारं रसायन वापरावं. ते पेशीत शिरत नाही, त्यामुळे पृष्ठभागावरचेच रिसेप्टर मोजले जातात. संकेतासाठी सीएएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू, मोजायचा: आधी आयबीएमएक्स हे रसायन घालून त्याचं विघटन थांबवायचं, मग बीटा रिसेप्टरला चालना देणारं १ मायक्रोमोलर आयसोप्रोटेरेनॉल. प्लेटमधल्या शेजारच्या खळग्यात (वेलमध्ये) १० मायक्रोमोलर फोर्सकोलिन, कारण ते रिसेप्टरला वळसा घालून थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला (सीएएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला) चालना देतं. आयसोप्रोटेरेनॉलचा प्रतिसाद पडला आणि फोर्सकोलिनचा टिकला, तर बिघाड रिसेप्टर आणि सायक्लेजच्या मधे शोधावा: जीआरके-२ या एन्झाइमने रिसेप्टर फॉस्फोरिलेट केला, म्हणजे फॉस्फेट जोडून मंद केला असेल, किंवा तो सायक्लेजला चालवणाऱ्या जीएस प्रथिनाशी नीट जोडला जात नसेल. दोन्ही पडले तर संशय सायक्लेजवर. सायक्लेजला आवरणाऱ्या जीआय प्रथिनाचा ब्रेक मात्र दोन्हीकडे लागू शकतो, म्हणून हा ब्रेक निकामी करणारं पर्टुसिस टॉक्सिन दिलेला एक गट हवाच. आयसोप्रोटेरेनॉल हवेत ऑक्सिडाइझ होतं, तेव्हा ते ताजं बनवावं आणि त्यात थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालावं.

हृदयातून काढलेल्या पेशींत फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) मिसळलेले असतात आणि त्यांच्यावरही बीटा-२ रिसेप्टर असतात. हे फायब्रोब्लास्ट आधी तासभर प्लेटला चिकटू देऊन वेगळे काढले नाहीत, तर सीएएमपी नेमकं कुणाचं, हे सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते ऑक्सिजनवरून. इन्क्यूबेटर १ टक्का ऑक्सिजन दाखवतो, पण मीडियम (पेशींचं पोषक द्रव) आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला ऑक्सिजन निघायला काही तास लागतात. मीडियम आधीच त्याच हवेत ठेवून मग बदलावं. नुसतं दार उघडलं तरी एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी असतानाच पेशीत साठणारा प्रथिन-रेणू) काही मिनिटांत नष्ट होऊ लागतो. पेशी जास्त ग्लुकोज खातात, मीडियम आंबट होतं. ४८ तासांनंतर दिसलेला परिणाम उपासमारीचाही असू शकतो. म्हणून ग्लुकोज आणि पीएच दोन्ही तपासावेत.

आणि टक्केवारीसोबत हवेचा दाबही लिहावा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. ३७ अंशांच्या दमट हवेत १ टक्का म्हणजे मुंबईत सुमारे ७.१ मिलिमीटर पारा, इथे ६.७ च्या आसपास.