पावसाळ्यातलं खत : मुलुंडच्या बाल्कनीतून भाद्रपदापर्यंतची नोंद

मंडळी, पावसाळा सरत आलाय, तेव्हा यंदाचा हिशेब मांडते. मुंबईत घरी खत करणारे खूप जण जुलैत माठ रिकामे करून बसतात आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात करतात. मला ते पटत नाही. घरातला ओला कचरा काही चार महिने सुट्टी घेत नाही. मेअखेर पोत्यांत सुका पाला भरून ठेवलेला असेल, तर माठ पावसातही चालतो. यंदा माझे एकावर एक रचलेले तिन्ही माठ चालले.

भाजीच्या देठासालांत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात ते मातीच्या माठातून झिरपून उडून जातं. जुलैत हवाच ओलीचिंब, मग पाणी जाणार कुठे? ते सालांमधल्या फटींत साचतं, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू जोर धरतात. आंबूस किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. सुका पाला जास्तीचं पाणी शोषतो, फटी मोकळ्या ठेवतो आणि कर्बही पुरवतो. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असलं की कुजण्याचं काम नीट चालतं. नुसत्या ओल्या कचऱ्यात कर्ब त्याहून बराच कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात मी ओल्याच्या बरोबरीने पाला घालते, पावसाळ्यात दुप्पट. मूठभर माल घट्ट पिळावा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला.

पाल्यापाल्यात फरक आहे, आणि हे मला यंदा सगळ्यात जास्त जाणवलं. आमच्या आवारात रेन ट्री, पिंपळ आणि बदाम आहेत. रेन ट्रीची पानं बारीक, कुजतात लवकर, पण पावसाळ्यात एकावर एक चिकटून त्यांचा थर बसतो आणि हवा अडते. बदामाचं पान मोठं, जाड. कुजायला वेळ घेतं, पण चुरडून घातलं की मधे पोकळी राहते. आता मी दोन्ही मिसळूनच वापरते. बदाम थंडीत लाल होऊन गळतो, पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे साठवण तेव्हाच सुरू करायची. झाडलोट करणाऱ्या मामांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. एके दिवशी तेच म्हणाले, "ताई, बदामाचा वेगळा काढलाय तुमच्यासाठी, त्यात प्लॅस्टिक नाही." ती पोती जिन्याखाली कोरडी राहिली, त्यावरच हा पावसाळा निघाला.

पाला कमी पडला तर अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घालावेत. उसाची चिपाडंही उत्तम, पण वाळवून आणि बारीक तुकडे करून. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी याच चिपाडांवर गच्चीतली शेती करून दाखवली. मुंबई बंदराच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच कचऱ्यावर बाग उभी केली. ज्यांना जागा नाही असं वाटतं, त्यांनी या दोघांच्या कामाची माहिती जरूर काढावी.

आता माठात काय काय गेलं ते. मे महिन्यात हापूसच्या साली. गोड असल्यामुळे चिलटं येतात, म्हणून वर पाल्याचा जाड थर हवाच. बाठे वेगळे काढले. कोळंबीची सालं मी पावसाळ्यात घालत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पुढे श्रावण, त्यामुळे प्रश्न फारसा आलाही नाही. श्रावणात बिरड्याची सालं, अळूची देठं. गणपतीत निर्माल्य. हारांचे दोरे आणि जरीचे धागे काढून झेंडू कुस्करून घातला, दुर्वा कापून. या वेळी मजल्यावरच्या तीन घरांनी निर्माल्य आमच्याकडे दिलं, याचा मला फार आनंद झाला. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास घेतला होता. पण आपला कचरा आता कांजूरमार्गला जातो, आणि तिथेही खिडक्या आहेत, माणसं राहतात. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडतोय.

अळ्यांबद्दल खूप जण विचारतात. पावसाळ्यात दिसतात त्या करड्या-तपकिरी, चपट्या, जाड अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही, आणि अळ्या ओला कचरा भराभर संपवतात. मारू नका. मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधत बाहेर येतात, तेव्हा उचलून झाडांच्या बुंध्याशी सोडते. साळुंक्या त्यांची वाटच बघत असतात.

सद्यःस्थिती : खालचा माठ तयार आहे. माल काळसर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास. चाळून एका वाटीत थोडे मूग पेरलेत. कोंब सरळ आणि हिरवे आले तर खत मुरलं, पिवळे पडले तर ते अजून कच्चं. मधल्या माठात पांढरी जाळी धरलीय, ती बुरशी कामाचीच आहे, हात लावत नाही. मूग जमले की ऑक्टोबरात मेथी आणि मायाळूच्या कुंड्या भरायच्या आहेत. मुलुंड-भांडुपमध्ये कुणाकडे पाला बारीक करायचं हातयंत्र असेल तर कळवा, बदाम गळायला लागेपर्यंत मला ते वापरून बघायचंय.