वाट पाहणारा स्वयंपाक

पुण्याहून सांगलीला जेवायला येणारे पाहुणे साडेबारापर्यंत पोचतो म्हणतात. प्रत्यक्षात ते साडेअकरालाही दारात असतात आणि दोनलाही. खंबाटकी घाटात एखादा ट्रक बंद पडलाय का, साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी गाडी आत वळवली का, यावर सगळं ठरतं. त्यातून ही मंडळी सकाळी नुसत्या चहावर निघालेली असतात. म्हणजे आल्या आल्या त्यांना नाश्ता हवा असतो आणि लगोलग जेवणही.

अशा रविवारचा बेत 'काय करायचं' इथून ठरवायला घेतला की गडबड होते. आधी बघायचं ते हे, की कोणता पदार्थ दीड तास थांबेल आणि कोणता दहा मिनिटंही थांबणार नाही. पुरी, भजी, गरम भाकरी हे न थांबणारे. उसळ, भरीत, श्रीखंड, ठेचा हे थांबणारे, काही तर थांबून सुधारणारे. आठ माणसांच्या ताटात न थांबणारा पदार्थ एकच ठेवावा. दोन झाले की घरातलं एक माणूस पाहुणे जाईपर्यंत शेगडीपासून हलत नाही, आणि पाहुण्यांना ते माणूस फक्त पाठमोरं दिसतं.

आमच्या भागात बेताच्या मधोमध अख्खा मसूर ठेवणं सगळ्यात सोयीचं. पेठ नाक्यापासून कऱ्हाडपर्यंतच्या ढाब्यांवर तो मिळतोच, पण घरी तेल आपल्या हातात राहतं. आठ जणांना ४०० ग्रॅम मसूर पुरतो. चार तास भिजवावा, रात्रभर नको. फार भिजला की सालं सुटतात आणि शिजताना दाण्याचा आकार राहत नाही. कुकरला दोन शिट्ट्या. तिसरी झाली की उसळीची आमटी होते, चवीला वाईट नाही, पण मग तिला अख्खा मसूर म्हणायची सोय उरत नाही. दाणा दिसायला अख्खा असावा आणि दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा दबावा.

टोमॅटो मसुराबरोबर कुकरमध्ये घालू नये. आंबटपणाने कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो, मग शिट्ट्या वाढतात आणि काही दाणे फुटतात, काही कच्चे राहतात. टोमॅटोची जागा कांद्यात. चार मोठे कांदे बारीक चिरून अर्धी वाटी तेलात मध्यम आचेवर पंधरा मिनिटं परतायचे. इथे घाई केली की कांदा कडेने करपतो आणि आत पांढरा राहतो. रस्सा पातळ, गोडसर लागतो तो यामुळेच. मग दोन चमचे आलं-लसूण, तीन टोमॅटो, ते गळून तेल सुटलं की अडीच पोह्याचे चमचे कांदा-लसूण मसाला. मसूर त्याच्या पाण्यासकट घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळायचा. हळद अर्धा चमचा, तीही मसूर शिजतानाच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती चमच्याने ओतायची नसते. जास्त झाली की कडवट लागते, आणि हळदीच्या पेठेतल्या माणसाच्या घरी उसळ कडू निघाली तर तोंड लपवायला जागा नाही.

हे सगळं शनिवारी रात्री करून ठेवावं. गार झालं की फ्रीजमध्ये. रात्रीतून मसाला दाण्यात मुरतो आणि रस्सा घट्ट होतो, म्हणून रविवारी गरम करताना वाटीभर कढत पाणी हाताशी हवं. गार पाणी घातलं तर तवंग बसतो आणि पुन्हा उकळी येईपर्यंत खोळंबा.

आता मसुराच्या शेजारी काय? हात सवयीने भरल्या वांग्यांकडे जातो. कृष्णाकाठची काटेरी देठाची वांगी दिसली की मोह आवरत नाही हे खरं, पण भरलं वांगं आणि अख्खा मसूर एका ताटात म्हणजे तोच कांदा-लसूण मसाला दोनदा, तेच तेल दोनदा, रंगही तोच. तिसऱ्या घासाला जीभ दोन्हीत फरक करायचं सोडून देते. वांगी घ्याच, पण भरताची, आणि त्यात दही. एक तिखट, एक सौम्य, एक करकरीत आणि एक गोड एवढं झालं की ताट पुरं होतं.

भरताला सव्वा किलो वांगी लागतात. आकाराच्या मानाने हलकी निवडावी. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. भाजण्याआधी उभी चीर द्यायची. आतली वाफ कोंडून वांगं फुटत नाही आणि कीड असली तर तेव्हाच कळते. वरून तेलाचा हात फिरवून थेट आचेवर, फिरवत फिरवत, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. देठाजवळ सुरी अडकली तर अजून कच्चं आहे, कारण सगळ्यात शेवटी तिथेच शिजतं. भाजलेलं वांगं झाकून दहा मिनिटं ठेवलं की साल आपोआप सुटतं. कितीतरी घरांत ते नळाखाली धरून सोलतात. हात भाजत नाहीत खरे, पण ज्या धुरकट वासासाठी एवढा उपद्व्याप केला तो मोरीत वाहून जातो. चाळणीत ठेवून सुटलेलं पाणी काढायचं, ठेचायचं आणि रात्री फ्रीजमध्ये ठेवायचं. भाजण्यात एक शेगडी अर्धा-पाऊण तास अडकते, म्हणून हे काम शनिवारचंच. रविवारी पानं मांडताना दीड वाटी घट्ट दही, बारीक चिरलेला कच्चा कांदा, मीठ, कोथिंबीर आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. मीठ आधी घातलं तर कांद्याला पाणी सुटतं. काकडीच्या कोशिंबिरीलाही हाच नियम: काकडी चोचवून, पिळून, दाण्याचं कूट मिसळून तयार, मीठ आणि लिंबू पाट मांडल्यावर.

श्रीखंडाची सुरुवात शुक्रवारी रात्री होते. दोन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं तर सातशे-आठशे ग्रॅम चक्का मिळतो. शनिवारी सकाळी दही फडक्यात बांधायचं. हिवाळ्यात ते दिवसभर खुंटीला टांगलं तरी चालतं. मार्च-एप्रिलच्या सांगलीत दुपारपर्यंत चक्का इतका आंबतो की साखर किलोने घातली तरी ऐकत नाही. उन्हाळ्यात तासाभराने धार थांबली की गाठोडं चाळणीत ठेवून फ्रीजमध्ये न्यावं, वर वजन ठेवावं. ७५० ग्रॅम चक्क्याला ६०० ग्रॅम साखर. ती मिसळून तासभर तसंच ठेवायचं. मिश्रण सैल होतं, घाबरू नये, गार झालं की आळतं. मग पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सरला लावायचं नाही, त्याने चक्का मोडतो आणि श्रीखंड ताटात धावायला लागतं. केशर चमचाभर कोमट दुधात खलून, जायफळ चिमूटभर. दुसरं गोड करू नये. पाहुणे सातारा ओलांडून येतायत, पेढ्यांचा पुडा येणारच.

राहिली ती न थांबणारी भाकरी. आठ जणांना दोन-दोन गरम भाकऱ्या म्हणजे सोळा, आणि एका तव्यावर एकीला तीन-चार मिनिटं. हा तासाभराचा खेळ झाला. त्यापेक्षा माणशी एकच गरम भाकरी आणि सोळा चपात्या आधी करून ठेवलेल्या, हा हिशोब बरा. चपात्यांना सहाशे ग्रॅम कणीक लागते. तव्यावरून काढलेली चपाती थेट डब्यात टाकली की वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन-तीन ओल्या होतात. मिनिटभर जाळीवर ठेवून मग फडक्यात गुंडाळावी.

भाकरीचं पीठ आठवड्याच्या आतलं हवं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की असलेली विरीही जाते. मग थापताना कडेला चिरा पडतात आणि दोष थापणाऱ्या हाताला मिळतो. कढत पाण्यात भिजवून तळहाताने भरपूर मळलं की बरंच सावरतं. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी जेमतेम ओढलं जातंय तोच उलटायची. पार वाळू दिलं तर भेगा पडतात, फार ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते. हा अर्ध्या मिनिटाचा काळ कुणाशी बोलत चुकवायचा नाही. म्हणून भाकरीवर उभ्या असलेल्या बाईला किंवा बुवाला 'आणि काय, नोकरी कशी चाललीय' असं विचारू नये.

तव्याने एक शेगडी घेतली, मसुराने दुसरी, भाताच्या कुकरने तिसरी. तीन संपल्या. कुरडया-पापड त्यामुळे अकरालाच तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. भात साधा, मसुरावर मसालेभात म्हणजे पुन्हा तोच गोंधळ. तांदूळ दोन वाट्या आठ जणांना पुरतो. चार वाट्या लावायचा मोह प्रत्येक घरात होतो आणि सोमवारी प्रत्येक घरात फोडणीचा भात असतो. कुकर लावायचा तो पाहुणे हातपाय धुऊन बसले की.

तेवढा वेळ भडंगाने काढायचा. पाव किलो भडंगाचे चुरमुरे आठ जणांना उरून पुरतात. आधी कढईत मंद आचेवर कोरडे भाजून कुरकुरीत करून घ्यावेत. मग अर्धी वाटी तेलात दाणे, कढीपत्ता, पंधरा ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण पार कुरकुरीत होईपर्यंत तळायची, आत ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी भडंग सादळतं. तिखट गॅस बंद केल्यावर, नाहीतर जळून काळं पडतं. मीठ आणि चमचाभर पिठीसाखर घालून चुरमुरे त्यात खालीवर करायचे. वाटी लहान द्यावी. सहाला निघालेला माणूस भडंगावर तुटून पडतो आणि मग मसुराला न्याय देत नाही. बरोबर मठ्ठा: ८०० ग्रॅम दह्यात दुप्पट पाणी, आलं, कोथिंबीर, हिंग-जिऱ्याची फोडणी.

हा सगळा बेत एका गोष्टीने कोसळतो, ती म्हणजे चातुर्मास. कांदेनवमी उलटली की काही घरांत कांदा, लसूण, वांगं बंद होतं, काहींकडे मसूरही. फोनवर 'किती वाजता येताय' एवढंच विचारून भागत नाही. काय खात नाही आणि उपास कुणाला आहे हेही विचारावं. तेव्हा गोड्या मसाल्याची तुरीची आमटी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, आणि मसुराची अडचण नसल्याने तोंडली घातलेला मसालेभात. तोही झाकून अर्धा तास छान राहतो. उलट बाजूचे पाहुणे असले, रविवार आणि मटण नाही म्हणजे काय असं विचारणारे, तर आठ जणांना पावणेदोन किलो मटण. रस्सा वाट पाहायला मसुराइतकाच गुणी; मात्र दुकानापुढच्या रांगेत सकाळी सातलाच उभं राहावं लागतं, आणि शेवटाला श्रीखंडाऐवजी दहीभातच बरा लागतो.

एक हिशोब हमखास राहून जातो. दोन लिटर दूध श्रीखंडाला गेलं, मठ्ठ्याचं दहीही घरच्याच दुधाचं. जेवून आडवे झालेले पाहुणे चारला उठतात आणि आठ कप चहाला पाऊण लिटर दूध लागतं. ते शनिवारीच वेगळं काढून, पातेल्यावर झाकण ठेवून, घरच्यांना बजावून ठेवावं.